खडबडीत वाट व पायांतलीं चाकें

रोलर स्केट म्हणजे चाकें लावलेले जोडे. हे जोडे आपल्या शहरांतील पुष्कळ मुलामुलींच्या पायांत आतां दिसूं लागले आहेत. आणि त्यांजबरोबर पालकांची एक तक्रारही ऐकूं येऊं लागली आहे. "हा खेळ गुळगुळीत फरशीवर खेळावयाचा, आमच्या रस्त्यावर तो खेळूं गेल्यास हातपाय मोडावयाचे," असें ते म्हणतात, आणि मूल एकदां पडलें कीं जोडे माळ्यावर जातात. खेड्याकडील पालक तर हा आपला खेळच नव्हे असें समजून स्वस्थ बसतात. मुलगी पडली तर मग विचारावयासच नको. तिच्या खेळण्यासच कायमची बंदी होते.

आमचें मत याहून निराळें आहे. दोष मुलाच्या धिटाईचा नाहीं, आणि सर्वस्वीं वाटेचाही नाहीं. तो बहुतांशीं चाकाचा आहे. जें चाक फरशीसाठीं घडविलें, तें मुरुमावर व खडीवर चालावें ही अपेक्षाच चुकीची. खडबडीत वाटेसाठीं वेगळें चाक लागतें, तें घडवितां येतें, आणि तें पारखावें कसें हें आठवी-नववीच्या विद्यार्थ्यास गणितानें कळूं शकतें. इतकेंच नव्हे, तर बाजारांत असें चाक विकतांना ग्राहकास जी गोष्ट आवर्जून दाखविली जाते, ती सर्वांत कमी महत्त्वाची असते, असें आमचें स्पष्ट म्हणणें आहे. तें कसें, हें क्रमानें सांगतों.

प्रथम हे जोडे कोठून आले तें पाहूं. सध्यांच्या बेल्जममधील ह्यू या गांवीं जन्मलेला जॉन जोसेफ मर्लिन नांवाचा एक कुशल यंत्रकार १७६० सालीं लंडनास आला. एका वेषांतराच्या मेजवानींत तो चाकांचे जोडे घालून व व्हायोलिन वाजवीत शिरला. परंतु वळण्याची किंवा थांबण्याची कोणतीच सोय जोड्यांत नसल्यामुळें तो एका भल्या मोठ्या किंमती आरशावर जाऊन आदळला. आरसा फुटला, व्हायोलिन मोडलें, आणि त्यासही जबर दुखापत झाली, अशी हकीकत एका जुन्या इंग्रजी ग्रंथांत नमूद आहे. पुढें १८६३ सालीं न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिंप्टन यानें चार चाकांच्या दोन जोड्या बसवून, मध्यें रबराची उशी घातली, व अंग कलतें केलें कीं स्केट त्या बाजूस वळेल अशी युक्ति काढली. १८८४ सालीं अमेरिकेंतच लेव्हंट रिचर्डसन यानें पोलादी गोळ्यांच्या बेअरिंगचें पेटंट घेतलें, व चाकें हलकीं फिरूं लागलीं. १९३७ सालीं जर्मनींत ऑटो बायर यानें शोधिलेलें पॉलियुरेथेन १९७० नंतरच्या दशकांत चाकांसाठीं सर्रास वापरांत आलें, आणि लांकूड, धातु यांचीं जुनीं चाकें मागें पडलीं.

या इतिहासांत एक गोष्ट ध्यानांत येते. या सर्व कारागिरांच्या डोळ्यांपुढें प्रायः गुळगुळीत जमीन होती. म्हणून आजही चार चाकांच्या साध्या स्केटचें चाक सुमारें ६० मिलिमीटर व्यासाचें, म्हणजे लिंबाहून थोडेंसेंच मोठें असतें. आणि चाकें एका ओळींत असलेल्या इनलाइन स्केटचें चाक सामान्यतः ८० मिलिमीटरांच्या आसपास असतें. फरशीवर हीं चाकें उत्तम चालतात. आतां तींच आपल्या वाटेवर आणून पाहूं.

वाटेंत एक सेंटिमीटर उंचीचा खडा घट्ट रुतून बसला आहे असें समजा. चाक त्यास टेकून उभें आहे, व त्यास वर चढवावयाचें आहे. तर कण्यास आडवा जोर किती लावावा लागेल? भूमितीनें याचें उत्तर सोपें आहे. त्रिज्येची दुप्पट करून तिला खड्याच्या उंचीनें गुणावें. त्यांतून उंचीचा वर्ग वजा करावा. बाकीचें वर्गमूळ काढावें. आणि त्यास 'त्रिज्या उणे उंची' यानें भागावें. जो आंकडा येईल, त्यानें चाकावरील भारास गुणिलें कीं लागणारा जोर मिळाला. चाकावर ३० किलो भार धरूं. ६० मिलिमीटरच्या चाकास साडेतेहतीस किलोंचा जोर लागतो, म्हणजे अंगावरील भाराहूनही अधिक! ८० मिलिमीटरच्या चाकास सुमारें साडेसव्वीस, १२५ च्या चाकास सुमारें साडेएकोणीस, १५० च्या चाकास सुमारें सव्वासतरा, आणि २०० च्या चाकास सुमारें साडेचौदा किलो पुरतात. खडा तोच, भार तोच. फक्त चाक मोठें झालें, आणि लागणारा जोर निम्म्याहूनही खालीं आला.

धांवत आलेलें चाक खडा ओलांडून जातें, मग एवढा हिशेब कशास, असें एखादा चलाख विद्यार्थी विचारील. त्याचें म्हणणें खरें आहे. पण तो जोर वेगांतून उसना घेतलेला असतो. तितका वेग एका क्षणांत कमी होतो. पाय अडतो, आणि अंग आपल्या पहिल्याच वेगानें पुढें जातें. मूल तोंडावर पडतें तें यामुळें. म्हणून चाक मोठें करणें हें वेग वाढविण्याकरितां नसून पडणें टाळण्याकरितां आहे, हें पालकांनीं समजून घ्यावें.

हें तत्त्व आपल्या लोकांस नवीन नाहीं. आपल्या खेड्यांतील सुतारानें बैलगाडीचें चाक पुरुषाच्या छातीपर्यंत पोहोंचेल इतकें मोठें कां केलें? त्यानें वर्गमूळ काढलें नव्हतें. पण दगडधोंड्यांच्या वाटेवर लहान चाक अडतें व बैल थकतात, हें त्यानें पिढ्यान्‌पिढ्या पाहिलें होतें. तुंबा, आरे व लोखंडी धांव यांचें प्रमाण त्यानें वाटेकडे पाहूनच ठरविलें.

मग स्केटचें चाकही हातभर मोठें करावें, असें कोणी म्हणेल. येथेंच घडविणाराची खरी परीक्षा आहे. चाक पायाखालीं ठेवून मोठें केलें कीं पाय उंच जातो. १२५ मिलिमीटरचीं तीन चाकें एका ओळींत तळव्याखालीं बसविलीं, तर मूल जमिनीपासून साडेबारा सेंटिमीटरांहूनही उंच उभें राहतें. पाय जितका उंच, तितका घोट्यावरील ताण अधिक. जरासा तोल गेला कीं घोटा मुरगळतो. यावर तोड अशी काढली गेली कीं, चाकें दोनच ठेवावींत, तीं सुमारें १५० मिलिमीटरचीं करावींत, एक जोड्याच्या पुढें व एक मागें बसवावें, आणि पाऊल त्या दोहोंमध्यें खालीं टांगल्यासारखें ठेवावें. ऑस्ट्रियांत निघालेला स्काइक नांवाचा स्केट, तसेंच बर्फ नसतां स्कीचा सराव करण्यासाठीं युरोपांत वापरतात त्यांपैकीं हवेच्या टायरांचे काहीं प्रकार, याच धर्तीचे आहेत. यांत गुरुत्वमध्य खालीं राहतो, हा मोठा लाभ.

पण या लाभाचीही किंमत मोजावी लागतेच. जोडा २८ सेंटिमीटर लांब असेल, तर पुढच्या व मागच्या कण्यांतील अंतर निदान ४३ सेंटिमीटर होतें. साध्या इनलाइन स्केटच्या ८० मिलिमीटरच्या चार चाकांत पहिल्यापासून शेवटल्या कण्यापर्यंतचें अंतर सुमारें २४ सेंटिमीटरच असतें. लांब स्केट सरळ वाटेवर स्थिर चालतो, पण चटकन्‌ वळत नाहीं. शिवाय मोठें चाक जड. आणि तें जडपण गाडीसारखें नुसतें ओढावयाचें नसून प्रत्येक पावलागणिक उचलावयाचें असतें. मोठेपण, हलकेपण व चपळपण हीं तिन्ही एकाच चाकांत पुरतीं मिळत नाहींत. कोणतें किती सोडावयाचें हें ठरविणें, यासच चाकाची रचना करणें म्हणतात. आणि हा निर्णय कारागिराच्या लहरीवर नव्हे, तर मूल कोठल्या वाटेनें जाणार यावर ठरला पाहिजे.

व्यासानंतरची दुसरी गोष्ट हवेची. मोठें पण टणक चाक खड्यावर चढतें खरें, तथापि चढतांना पायास हादरा देतें. हवेचा टायर खड्यास जणूं पोटांत घेतो. रबर तेवढ्यापुरतें दबतें, व कणा फारसा उचलला जात नाहीं. ही कल्पना प्रथम स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम टॉमसन यानें १८४५ सालीं पेटंट करून घेतली. परंतु त्या काळीं ती मागें पडली. १८८८ सालीं बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तीच कल्पना नव्यानें शोधून काढली. टॉमसनचें जुनें पेटंट उजेडांत आल्यावर डनलॉपचें पेटंट रद्द झालें. पण टायर मात्र जगभर पसरला. आपल्या ऊसपट्ट्यांत रबरी टायरांची जी बैलगाडी कारखान्याकडे ऊस नेतांना दिसते, तिला कित्येक ठिकाणीं लोक 'डनलॉप' असेंच म्हणतात. त्या गाडीचें चाक जुन्या लांकडी चाकाहून लहान असतें, हें विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल. मोठ्या व्यासाचें काहीं काम हवा आपल्याकडे घेते, म्हणून तें चालतें.

हवा किती भरावी, यासही गणित आहे. टायरच्या कडांचा ताठपणा सोडून दिला, तर जमिनीस टेकणारी जागा म्हणजे भार भागिलें दाब. ६० किलो वजनाचा विद्यार्थी एका पायावर घरंगळत आहे. दोन चाकांपैकीं प्रत्येकावर ३० किलो आले. टायरांत दर चौरस सेंटिमीटरास ६ किलो दाब असेल, तर ५ चौरस सेंटिमीटर जागा टेकेल. दाब ३ किलोंवर आणला, तर १० चौरस सेंटिमीटर टेकेल. मऊ मातीवर अधिक जागा टेकलेली चांगली, कारण चाक रुतत नाहीं. डांबरी रस्त्यावर मात्र तोच सैल टायर दर फेऱ्यास अधिक दबतो व सुटतो. त्या दबण्यासुटण्यांत मुलाच्या श्रमाचा काहीं अंश रबर तापविण्यांत व्यर्थ जातो. दाब फारच कमी झाल्यास दगडावर टायर थेट कड्यापर्यंत दबतो, व आंतली नळी चिमटली जाऊन फुटते. बाभळीचा कांटा तर आपल्याकडे कोठें नाहीं? भरीव रबराचा टायर कांट्यास भीत नाहीं. पण तो जड असतो व हादराही अधिक देतो. येथेंही निवड आहेच.

आतां तिसऱ्या गोष्टीकडे येऊं. आणि आमचा मुख्य वाद येथें आहे. खडबडीत वाटेचें चाक म्हणून जें दाखविलें जातें, त्याच्या पाठीवरील खोल नक्षीकडे ग्राहकाचें लक्ष प्रथम वेधलें जातें. नक्षी डोळ्यांस दिसते, चित्रांत शोभते, आणि तिच्यामुळें चाक पराक्रमी वाटतें. त्रिज्या मोजावी लागते, दाब तर दिसतच नाहीं. म्हणून नक्षी खपते. वस्तुतः वाळलेल्या मुरुमावर किंवा डांबरावर त्या खोल खांचांचा फारसा उपयोग नाहीं. ओल्या चिकण मातींत बारीक खांचा दोन फेऱ्यांत चिखलानें भरून जातात, आणि मग चाक जसें सपाट तसेंच. खांचांनीं खडा लहान होत नाहीं. ८० मिलिमीटरच्या चाकास कितीही सुंदर नक्षी काढली, तरी त्यास खड्यावर चढण्यास साडेसव्वीस किलोच लागणार.

नक्षीपेक्षां टायरच्या पाठीची गोलाई अधिक मोलाची. स्केटवरील मनुष्य पाय बाजूस रेटून पुढें जातो; रेटतांना चाक कलतें, व टेकण्याची जागा टायरच्या माथ्यावरून कुशीकडे सरकते. पाठ गोल असेल, तर हें सरकणें सुरळीत होतें. पाठ सपाट असेल, तर चाक एकदम धारेवर येतें व पाय डगमगतो. म्हणून मोटारीच्या टायरची लहान प्रतिकृति दिसावी असा चपटा टायर स्केटला शोभला तरी उपयोगी नाहीं.

मर्लिनचा आरसा विद्यार्थी विसरले नसतील. जें चाक सहज चालतें, तें उतारावर सहज आवरत नाहीं. घर्षण सोडून दिल्यास, ५ मीटर खोल उतार उतरून येणाऱ्याचा वेग खालीं तासास सुमारें ३५ किलोमीटर होतो, भरधांव सायकलीइतका! फरशीवरील मुलें मागचा पाय आडवा घासून थांबतात. पण हवेचा टायर असा आडवा घासणें योग्य नव्हे, त्यानें टायर झिजतो व कड्यावरून निसटण्याचाही धोका असतो. यासाठीं अशा काहीं स्केटना पोटरीमागें एक दांडा असतो. पोटरी मागें रेटली कीं ब्रेक टायरवर दाबला जातो. ज्यानें मोठें चाक घडविलें पण त्याचा ब्रेक घडविला नाहीं, त्यानें अर्धेंच काम केलें, आणि तें अर्धें काम मुलाच्या पायांत घालणें हा अपराध आहे, असें आम्ही म्हणतों.

बेअरिंगविषयीं दोनच शब्द. स्केटच्या बहुतेक चाकांत जें बेअरिंग असतें, त्याचें भोंक ८, बाहेरचा व्यास २२ व रुंदी ७ मिलिमीटर असते. इतक्या लहान घरांत पोलादी गोळ्या फिरतात. तेथें धूळ व पावसाळ्यांतील चिखल शिरला कीं चाक कुरकुरूं लागतें. खडबडीत वाटेवर बेअरिंगला दोन्ही बाजूंनीं झांकण हवें, आणि वेळचे वेळीं पुसणें व वंगण देणें हवें. गाडीवान वंगणाचें नळकांडें गाडीस टांगून कां हिंडत असे, हें यावरून कळेल.

आमच्या मतावर एक आक्षेप येण्याजोगा आहे. कोणी म्हणेल, "चाकें बदलण्यापेक्षां रस्ते सुधारा, मुलांस चांगलीं मैदानें द्या." रस्ते सुधारावे, मैदानें द्यावींत, याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु रस्ता होईतों मूल मोठें होऊन जातें. आणि शेताची पायवाट, टेकडीची उतरण, नदीकांठचा मुरुम हीं डांबरानें झांकून टाकावींत असें कोण म्हणेल? शिवाय वाहतुकीच्या रस्त्यापेक्षां मोकळी मातीची वाटच मुलांस अधिक सुरक्षित असते. जमीन जशी आहे तशी मानून तिच्याजोगें साधन करणें, यांत कमीपणा नाहीं.

दुसरा आक्षेप खर्चाचा. हवेच्या चाकांचे जोडे साध्यांहून महाग असतात हें खरें, आणि सर्वांनीं ते घ्यावेत असा आमचा मुळींच आग्रह नाहीं. आमचा आग्रह एवढाच कीं, जे घेतील त्यांनीं पारखून घ्यावेत. दुकानांत जातांना खिशांत एक पट्टी असावी. प्रथम चाकाचा व्यास मोजावा. मग ब्रेक आहे कीं नाहीं, व मुलाच्या पायास तो दाबतां येतो कीं नाहीं, हें पाहावें. मग टायरची पाठ गोल आहे का, नळी बदलतां येते का, बेअरिंगला झांकण आहे का, हें विचारावें. नक्षी शेवटीं पाहावी. डोक्यास शिरस्त्राण आणि मनगटांस, कोपरांस व गुडघ्यांस कवच यांवांचून मुलास सोडूं नये. मोठ्या चाकानें पडणें कमी होतें, संपत नाहीं. आणि ज्यांच्यापाशीं साधींच स्केट आहेत, त्यांनीं फरशी सोडून जाऊं नये. तीं चाकें फरशीवर निर्दोष आहेत.

विद्यार्थ्यांस एक काम सांगून हा लेख पुरा करतों. प्रयोगशाळेंतील टेबलावर एक सेंटिमीटर जाडीची पट्टी घट्ट बसवावी. निरनिराळ्या व्यासांचीं तीन-चार चाकें घ्यावींत, प्रत्येकाच्या कण्यावर सारखाच भार टांगावा, आणि स्प्रिंगच्या काट्यानें चाक आडवें ओढून तें पट्टीवर कितव्या अंकास चढतें तें वहींत लिहावें. मग वर सांगितलेल्या हिशेबाशीं तें ताडून पाहावें. आंकडे थोडे चुकतील. कां चुकले याचा शोध घ्यावा. जो मुलगा किंवा जी मुलगी हा प्रयोग मनापासून करील, त्यास नक्षीच्या भुरळीनें कोणी फसवूं शकणार नाहीं. आणि कोणी सांगावें, आपल्या मुरुमाच्या वाटेवर खरोखर चालेल असें चाक पुढें त्यांच्याच हातून घडेल. पालकांनीं त्यांस पट्टी, काटा व थोडी मोकळीक द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.